आज नंबर कुणाचा

लोदोविको दे नार्दिसचा बाक रिकामा दिसला आणि देलियाने दाराकडे पाहिलं.

"आजारी असेल," ती म्हणाली.

"आजारी?" शेजारी बसणारी रामोना खिडकीबाहेर बघतच फिसकन हसली. "कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्याकडे पिनबॉलचं मशीन बडवतोय. बापाच्या गाडीतून उतरला, गाडी वळेपर्यंत शाळेकडे चालला आणि मग तिकडे घुसला. डोळ्यांनी पाहिलंय मी."

"अगं, आज त्याचा नंबर आहे."

"म्हणून तर."

पाल्मेरिनीबाईंशी वर्गाचा करार होता. रोज एकाने आपण होऊन उठायचं, बाईंच्या टेबलाशी जाऊन उभं राहायचं आणि लॅटिनची तोंडी परीक्षा द्यायची. कोणी कुठल्या दिवशी उठायचं ते वर्गाने आपसांत ठरवायचं, बाई त्यात नाक खुपसणार नाहीत. पण ज्या दिवशी कोणी उठणार नाही त्या दिवशी करार मोडला. मग बाई जुन्या पद्धतीवर येणार. पुस्तक कुठेही उघडायचं, पानाच्या आकड्यांची बेरीज करायची, बेरीज येईल त्या क्रमांकाचं हजेरीतलं नाव पुकारायचं. त्या पद्धतीने पोरांना शाळेच्या पायरीवर ओकाऱ्या यायच्या. वर्गप्रतिनिधी तुलियोने महिनाभर बाईंच्या मागे लागून हा करार पदरात पाडून घेतला होता आणि तेव्हापासून तो स्वतःला मोठा मुत्सद्दी समजत होता.

देलियाचा नंबर मंगळवारी होता. रविवारचा अख्खा दिवस तिने त्या शेवटच्या धड्यासाठी राखून ठेवला होता. इतर दिवशी जमतच नसे. मे महिना म्हणजे लग्नांचा हंगाम, आणि या गावात लग्न म्हणजे पाहुण्यांना वाटायचे साखरबदाम. रंगीत कागदात गुंडाळलेला एकेक बदाम तारेला बांधायचा, पाच बदामांचं एक फूल करायचं, फुलांचा गुच्छ करायचा. दुपारी शाळा सुटली की देलिया आईबरोबर मावशीच्या कारखान्यात तेच करत बसे. बोटांच्या टोकांना तारेचे बारीक काप पडलेले असत.

आणि लॅटिनमध्ये नापास झाली तर जन्मभर तेच करायचं होतं. वर्ष एकदा वाया गेलेलं होतं. तिचा बाप किरीनो रेल्वेच्या रुळांवर काम करायचा. त्याने तेव्हाच सांगितलं होतं, "पुन्हा घसरलीस तर दप्तर मावशीकडे ठेव आणि तारा उचल. ही शाळा वकील-डॉक्टरांच्या पोरांची. तूच हट्ट केलास." हट्ट तिनेच केला होता, हे खरं. बाईंनीही कालच सांगून टाकलं होतं: या शेवटच्या तोंडीत दहापैकी सहा मिळाले तर वर्षाची नाव पार. पाच मिळाले तर माझ्याही हातात काही नाही.

बदाम बांधणं वाईट आहे असं नाही. वाईट हे आहे की तिथे एकदा बसलं की तिथून कुठे जायला दार नाही. आणि ज्यांना त्या बाकड्यावर बसायची वेळ कधी येणार नाही तीच माणसं 'कुठलंही काम हलकं नसतं' असं व्यासपीठावरून सांगत फिरतात. लोदोविकोचा बाप दरवर्षी बक्षीस समारंभाला सांगतो. तो गावचा नोटरी. घर विकायचं, जमीन वाटायची, मेलेल्याची इस्टेट कुणाला जायची, सगळं त्याच्या सहीवर. त्याच्या पोराला कोणी तारा बांधायला बसवलेलं नाही.

बाई आल्या. वर्ग उभा राहिला, बसला. बाईंनी चष्मा पुसला, हजेरीपट उघडला आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "आज कोण?"

कोणी हललं नाही.

तुलियोने मान वळवून एकेकाकडे पाहिलं. ज्यांची तोंडी होऊन गेली होती ते दुसऱ्यांदा मान देणार नव्हते. ज्यांची राहिली होती ते तयार नव्हते. तुलियोला स्वतःला लॅटिनमध्ये आठ होते, तो उठला असता तर त्याचा केसही वाकडा झाला नसता. पण मुत्सद्दी माणसं दुसऱ्यांना उठवतात. तो वहीत काहीतरी खरडायला लागला.

देलियाही गप्प बसली. वर्गात एवढी पोरं, बेरीज आपल्यावरच कशाला येईल, असा हिशेब तिनेही केला. प्रत्येकजण तोच हिशेब करत होता आणि प्रत्येकाला तो बरोबर वाटत होता.

"बरं," बाई म्हणाल्या. "म्हणजे करार मोडलात. मला काय." त्यांनी पुस्तक उभं धरलं, अंगठ्याने पानं सोडली आणि मध्येच थांबवली. "एकशे बेचाळीस."

बाईंच्या आधी सगळ्या वर्गाची बेरीज झाली होती. एक, चार, दोन. सात. रामोनाचा हात बाकाखालून आला आणि त्याने देलियाचं मनगट घट्ट धरलं.

"चिकोतेल्ली."

देलिया उठली. टेबलाशी पोचल्यावर तिने हात पाठीमागे बांधले.

"आजचा धडा," बाई म्हणाल्या. "नामं बनवणारे प्रत्यय. लॅटिनमध्ये कुठले, आणि ते आपल्या इटालियन बोलण्यात कसे उतरले. सोप्यापासून सुरुवात करू. वाचणे. लेगेरे. वाचणारा?"

"लेक्तोर." हे ठाऊक होतं. "आपण लेत्तोरे म्हणतो."

"वाचायची क्रिया?"

"लेक्तिओ. त्याचं लेत्सिओने."

"म्हणजे काय?"

"धडा."

"जो तू वाचलेला दिसत नाहीस," बाई म्हणाल्या. मागे कोणीतरी हसलं. "सजवणे. ओर्नारे. ज्याने सजवायचं ती वस्तू?"

"ओर्नामेन्तुम. ओर्नामेन्तो."

"आता विशेषणं. चांगला तो बोनुस. चांगुलपणा?"

"बोनितास. बोन्ता."

"आल्तुस म्हणजे उंच. उंची?"

देलियाने तोंड उघडलं. धड्याचं ते पान तिने रविवारवर टाकलं होतं. "आल्ति... आल्तितास."

"च्च."

पहिल्या रांगेतून अगदी पुसट आवाज आला. रामोना, ओठ न हलवता बोलायचा तिचा सराव मोठा. पण बाईंचा ऐकायचा सराव तिच्याहून मोठा होता.

"इयाकोबुच्ची, तुझ्या दातांत काही अडकलंय का?"

"नाही बाई."

"मग तोंड मिट. चिकोतेल्ली, एकटा तो सोलुस. एकटेपणा?"

देलियाने मान हलवली.

"आळशी तो पीगेर. आळस? हे तरी यावं."

वर्ग मोठ्याने हसला. देलियाच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. बाईंनी पेनाचं टोपण काढलं, हजेरीपटातल्या तिच्या नावासमोर पेन धरलं, आणि टेकवलं नाही.

"किती लिहू? चार?"

"अजून विचारा बाई."

"कशाला? धडा तू उघडलेला नाहीस. तुझा दिवस वेगळा होता, हे मला दिसतंय. मंगळवार, नाही का?" बाईंनी आवाज खाली आणला. हा आवाज वर्गाने फारसा ऐकलेला नव्हता. "तू दुसऱ्या कुणाच्या तरी जागी उभी आहेस. आज नंबर कुणाचा होता तेवढं सांग, आणि तो कुठे आहे ते सांग. मी काही लिहीत नाही. मंगळवारी ये. धडा करून ये."

खाली रस्त्यावर मासेवाल्याची गाडी थांबल्याचं ऐकू आलं.

एक नाव. एवढंच. तिने तोंड उघडून दोन शब्द बोलायचे, रविवार परत मिळवायचा आणि वर्ष वाचवायचं. देलियाने रिकाम्या बाकाकडे पाहिलं. बाईंनीही तिकडेच पाहिलं. वर्गात आज एकच बाक रिकामा होता.

तेव्हा देलियाच्या लक्षात आलं की बाईंना नाव माहीत आहे. आंधळ्यालाही कळलं असतं. बाईंना नाव नको होतं. बाईंना ते दुसऱ्याच्या तोंडून हवं होतं. नोटरीसाहेबाची सही असलेली चिठ्ठी घेऊन पोरगा येणार, आणि ती चिठ्ठी खोटी आहे असं बाई स्वतः म्हणणार नव्हत्या. हेडमास्तरांसमोर जायची वेळ आली तर त्या म्हणणार होत्या, 'मी नाही, चिकोतेल्लीने सांगितलं.' रुळांवर काम करणाऱ्याच्या पोरीने. तिच्याच जिभेने दगड मारायचा आणि हात बाईंचे स्वच्छ राहायचे.

"मला माहीत नाही बाई," देलिया म्हणाली.

मागून कोणीतरी सुटकेचा श्वास सोडला. तो तुलियो होता.

"ठीक," बाई म्हणाल्या आणि पेन टेकवलं.

तेवढ्यात दार वाजलं आणि शाळेची शिपाईण एर्सिलिया डोकावली. तिच्या हातात झाडू तसाच होता. "बाई, गणिताच्या सरांची गाडी घाटात बंद पडलीय. पुढचा तासही तुम्हीच घ्या म्हणालेत हेडमास्तर."

वर्गातून कळवळून एक "अरेरे" उठलं आणि अर्ध्यातच तुटलं. कारण सगळ्यांना एकदमच ते सुचलं. लोदोविको पहिला तास बुडवून दुसऱ्याला येणार होता. लॅटिन टाळायचं आणि गणिताला हजर व्हायचं, ही इथली जुनी रीत. बापाची सही असलेली चिठ्ठी खिशात, पोटात साखर भुरभुरलेला गरम कोर्नेत्तो पाव, आणि दुसऱ्या तासाची घंटा झाली की मवाळ तोंडाने दारात. त्याला काय माहीत घाटात गाडी बंद पडली ते!

रामोनाने देलियाकडे पाहिलं आणि भुवई उचलली. अर्थ स्पष्ट होता: तग धर.

"बाई," देलिया घाईने म्हणाली, "अजून एक तास आहे. एवढ्यात लिहू नका."

"तुला उभं राहायची हौस आहे का?"

"आहे."

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग पेन बंद करून टेबलावर ठेवलं. त्यांनाही दाराकडे बघायचं होतं की काय, कोण जाणे. त्यांनी सोपं केलं नाही मात्र. प्रश्नामागून प्रश्न टाकले. देलियाने काही तारले, काही बुडवले. 'गरिबी' बरोबर सांगितली. 'म्हातारपण' चुकवलं. प्रत्येक चुकीला बाईंची नजर पेनाकडे जाई आणि देलिया मोठ्याने म्हणे, "पुढचं विचारा." लाज वाटण्यापलीकडे ती केव्हाच गेली होती. पाठीमागे बांधलेली बोटं एकमेकांत रुतली होती. घंटा काही होत नव्हती.

मग झाली.

पोरं वळून दाराकडे बघत बसली. बाहेर जिन्यावर कुणाची तरी निवांत पावलं वाजली, कोणी शीळ घालत होतं. दारावर टकटक झाली, आणि लोदोविको आत आला. चेहऱ्यावर आजारपण आधीच चढवलेलं. दोन पावलं टाकली आणि टेबलामागे बाईंना पाहून जागीच थिजला.

"सुप्रभात दे नार्दिस," बाई म्हणाल्या.

"मी... गणित..."

"गणित घाटात आहे. काय झालं होतं तुला?"

लोदोविकोने खिशातून चिठ्ठी काढली. "पोटात कळा येत होत्या बाई. बाबांनी लिहून दिलंय."

बाईंनी चिठ्ठी वाचली. सही पाहिली. सही झोकदार होती, अर्ध्या गावाच्या घरांच्या कागदांवर असते तशी. देलिया बाईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. आता, तिने मनात म्हटलं. आता विचारा त्याला.

"बस जागेवर," बाई म्हणाल्या आणि चिठ्ठी हजेरीपटात घातली.

झालं. एवढंच. देलियाला वाटलं, कोणीतरी छातीत लाथ घातली. लोदोविको बाकांमधून चालला, जाताना त्याने तिच्याकडे पाहिलं आणि 'काय करणार' अशा अर्थाने खांदे उडवले. बाईंनी पेन उचललं.

"थांब रे लोदोविको," देलिया म्हणाली.

तो थांबला.

"पाठीमागे मी तुझं नाव घेतलं नाही. विचार कुणालाही. आता तोंडावर विचारते. आज नंबर कुणाचा?"

"मला बरं नव्हतं, देलिया. चिठ्ठी दिलीय ना."

"चिठ्ठीचं नाही विचारलं. नंबर कुणाचा?"

"चिकोतेल्ली," बाई म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता.

लोदोविकोने हसायचा प्रयत्न केला. "असेल माझा. म्हणून काय? बेरीज तुझ्यावर आली तर माझा दोष?"

"आधी तोंड पूस," रामोना बाकावरून म्हणाली. "हनुवटीला साखर लागलीय. कळा चांगल्याच गोड होत्या वाटतं."

वर्ग फुटला. लोदोविकोचा हात हनुवटीकडे गेला, आणि त्यानेच सगळं सांगून टाकलं. बाईंनी पेनाने टेबलावर टकटक केली, पण हसू आवरेना कुणाला. आता बाईंना काहीतरी करणं भागच होतं. वर्गाच्या डोळ्यांदेखत साखर होती, आणि तिच्यावर कुणाची सही नव्हती.

"ये इकडे," त्या म्हणाल्या. "तिच्या शेजारी उभा राहा."

आणि मग जे झालं त्याची देलियाने कल्पनाही केली नव्हती. लोदोविकोला सगळं येत होतं. सगळं. आल्तितूदो, सोलितूदो, मुल्तितूदो, माळ ओढल्यासारखं. घरी शिकवायला माणूस येत होता त्याच्या, आठवड्यातून तीनदा. लॅटिनला घाबरून त्याने तास बुडवलाच नव्हता. कॉफी प्यावीशी वाटली म्हणून बुडवला. आपल्या जागी कोणीतरी उभं राहील, हे त्याच्या मनाला शिवलंदेखील नसेल. देलियाला त्याचा राग आधीही होता. पण घाबरलेल्या माणसाचा राग वेगळा, आणि याचा वेगळा.

रागाने डोकं भणभणत असतानाही ती ऐकत होती मात्र. कान टवकारून. काय कशाला लागतं, कुठली शेपटी क्रियापदाला, कुठली विशेषणाला. तो एकेक शब्द टाकत होता आणि ती उचलून घेत होती. त्याच्या शिकवणीवाल्याचा हा एक तास तिला फुकट मिळत होता.

"आळस?"

"पिग्रीतिया. पिग्रीत्सिया."

"आणि आरिउस हा प्रत्यय? त्याचं आपल्याकडे काय झालं?"

"आरिओ. बिब्लिओतेकारिओ, ग्रंथपाल. सेग्रेतारिओ, चिटणीस."

"एवढंच?"

"एवढंच, बाई."

"सात," बाई म्हणाल्या आणि लिहिलं.

"आठ का नाही?" लोदोविकोने विचारलं. खरोखरच विचारलं त्याने.

"बस जाऊन." बाई देलियाकडे वळल्या. आता त्यांच्या आवाजात ती मघाची कुजबूज होती. "तूही बस. काही लिहीत नाही. मंगळवारी ये."

हेच तर हवं होतं तिला. तासाभरापूर्वी यासाठी ती गुडघे टेकायला तयार झाली असती. पण आता ते ऐकून तिला नकोसं वाटलं. मंगळवारी बाई दया केल्यासारखं विचारणार, आणि ती दया लोदोविकोचं नाव घेतल्याच्या बदल्यात मिळाली हे दोघींना ठाऊक असणार.

"आत्ताच विचारा," देलिया म्हणाली.

"मूर्खपणा करू नकोस. आता जे लिहीन ते शेवटचं."

"लिहा."

रामोनाने डोळे मिटून घेतले.

बाईंनी विचारलं. उंची, एकटेपणा, आळस. देलियाने सांगितलं, अडखळत, पण सांगितलं. 'दुःखी'वरून 'दुःख' सांगितलं. बाई पुढे वाकल्या. "थांब. आळसाला पिग्रीत्सिया आणि दुःखाला त्रिस्तेत्सा. लॅटिनमध्ये दोन्हीकडे शेपटी एकच होती. आपल्याकडे दोन कशा झाल्या?"

हे लोदोविकोला विचारलं नव्हतं. पुस्तकात होतं की नाही तेही तिला माहीत नव्हतं. पिग्रीत्सिया हा शब्द रविवारी चर्चमध्ये ऐकू येतो. त्रिस्तेत्सा आई म्हणते, बदाम बांधताना, उगाचच.

"एक..." ती म्हणाली, "एक लोकांच्या तोंडात राहून झिजली. दुसरी मागाहून पुस्तकातून काढली, म्हणून कोरी राहिली."

बाईंनी चष्मा वर सरकवला.

"आरिउसचंही तसंच असणार," देलिया आता थांबायला तयार नव्हती. "आरिओ पुस्तकातली. तोंडातली आइओ. त्याने एवढंच म्हटलं ते चूक. फोर्नाइओ, भट्टीवाला. काल्त्सोलाइओ, चांभार. नोताइओ, नोटरी. तिघांची शेपटी एकच आहे, झिजलेली."

मग मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "लोदोविको, घरी गेलास की बापाला दोन पाव भाजायला सांग!" आणि वर्ग बाक बडवायला लागला. लोदोविकोचे कान लाल झाले. तुलियो सगळ्यांत मोठ्याने हसत होता, आता हसणं स्वस्त होतं म्हणून.

बाईंनी गोंगाट बंद होईपर्यंत वाट पाहिली. पेन उघडलं. देलियाने शाईकडे पाहिलं, मान फिरवली नाही.

"म्हातारपण चुकलंस," बाई म्हणाल्या. "पहिल्या तासाला निम्मं चुकलंस. दुसऱ्याचं ऐकून बरंचसं सांगितलंस. शेवटचं तुझं होतं." त्यांनी लिहिलं. "सहा. बस."

देलिया बसली नाही. तिला खात्री करायची होती, म्हणून ती टेबलावर वाकली आणि आकडा डोळ्यांनी पाहिला. सहाच होता. मागे वजाचं चिन्ह नव्हतं, काही नव्हतं.

तास संपल्यावर मधल्या सुट्टीत पोरं जिन्याकडे पळाली. बाईंनी पुस्तकं गोळा केली आणि देलियाच्या बाकापाशी थांबल्या. आज पहिल्यांदा त्यांनी तिला आडनावाने हाक मारली नाही.

"देलिया, पहिल्या तासालाच नाव सांगितलं असतंस तर एवढे हाल झाले नसते तुझे."

"नाव तुम्हाला माहीत होतं, बाई."

बाईंनी हजेरीपट छातीशी धरला. त्यातून चिठ्ठीचं टोक बाहेर आलं होतं, ते त्यांनी बोटाने आत ढकललं.

"माहीत होतं," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

देलियाने लॅटिनचं पुस्तक मिटून दप्तरात टाकलं. रामोना दारातून ओरडत होती, "चल ना गं! कॉफीवाल्याकडे जाऊ. तो पिनबॉल मोकळाच आहे आता!"